मनकर्णामामीचे मेथीचे लाडू

मनकर्णामामीच्या हातचे मेथीचे लाडू मी आयुष्यात एकदाच खाल्ले. तेही चोरून. आणि त्यापायी मला शाळेत मेमो मिळाला.

ही गोष्ट एक्क्याण्णव सालची. मी तेव्हा आदिलाबादला मराठी शाळेत मास्तर होतो आणि महिन्यातून एखाद्या रविवारी बस धरून तामसीला मामाकडे जायचो. मामाचं घर गावाच्या कडेला होतं. मागे दीड एकराचा भाजीचा मळा, विहीर आणि मोटर. वांगी, टमाटे, मेथी, कोथिंबीर असा माल निघायचा आणि मामी तो आदिलाबादच्या बाजारात स्वतः घेऊन बसायची. हाताची सढळ बाई. गिऱ्हाइकाच्या पिशवीत दोन वांगी जास्तीचीच टाकायची. मला तर पोट भरलं तरी ताटावरून उठू द्यायची नाही. पण फळीवरच्या लाडवांच्या पितळी डब्याला हात लावला की तिचा चेहरा बदलायचा.

"ते यायचे हायेत, गुडघ्यासाठी," मामाकडे बोट दाखवून एवढंच म्हणायची आणि डबा आणखी आत सरकवायची.

भाच्याला लाडू नाकारणारी मामी मी तरी दुसरी पाहिली नाही. मला राग आला. निघताना दोन लाडू रुमालात बांधून घेतले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत खाल्ले. भलतेच कडू होते, पण चोरीचा माल म्हणून गोड मानून घेतले. दुपारी सातवीचा पेपर होता. पोरं लिहीत होती आणि मी खुर्चीत घोरत होतो. हेडमास्तरांनी येऊन हलवलं तेव्हा माझं नाक चोंदलेलं, डोकं जड, आणि सातवीचा वर्ग एकमेकांच्या मदतीनं पेपर संपवून बसलेला. 'ताप होता' असं लेखी उत्तर देऊन मी सुटलो. लाडवांचा संशय मला आला नाही. मास्तर माणसाला स्वतःच्या हुशारीपलीकडचं सहसा दिसत नाही.

लाडू ज्यांच्यासाठी होते ते केशवराव, म्हणजे माझा मामा. मामाचा मळा मामी पाहायची आणि मामा गावचं बोलणं पाहायचा. त्याचा खरा धंदा म्हणजे सोयरिकी जुळवणं. पैसा घेत नसे, फक्त श्रोते घ्यायचा. किनवटपासून पांढरकवड्यापर्यंत कोणाची आत्या कोणाची चुलतसासू लागते हे त्याला तोंडपाठ होतं. मुलाकडचे लोक अडून बसले की मामा त्यांच्या पणज्यापासून सुरुवात करायचा, आणि आजोबापर्यंत यायच्या आत ते कंटाळून रजामंदी देऊन टाकायचे. सकाळी दात घासतानाही तो बोलायचा. शेजारची रुक्माबाई म्हणायची, मनकर्णेचे कान देवानं कशाचे घडवले कोण जाणे.

मामी स्वतः मात्र बोलायची नाही. पैनगंगेपलीकडच्या गावाहून पंधराव्या वर्षी लग्न होऊन आली, तेव्हापासून तिच्या वाट्याला बोलायची पाळीच आली नसावी. मामा बोलायचा, मामी 'हूं' म्हणायची. तिच्या हूंचे चार-पाच प्रकार होते. ते ओळखण्याइतका वेळ मामानं कधी थांबून दिला नाही, हा भाग वेगळा.

नव्वद साली मामाला चक्कर आली आणि आदिलाबादच्या डॉक्टरनं ब्लडप्रेशर मोजून कपाळाला हात लावला. वरचा आकडा एकशे नव्वद. गोळी लिहून दिली, रोज एक, आयुष्यभर. मामानं गोळ्या आणल्या. सहा महिन्यांनी पुन्हा मोजलं तर आकडा एकशे चाळीस. डॉक्टरला वाटलं आपल्या गोळीनं गुण आला. मामानं बाहेर येऊन मला वेगळंच सांगितलं.

"म्या एकबी गोळी नाही गिळली. बिपी म्हंजे काय? टेन्शन. म्या टेन्शन घेनंच सोडून देल्लं. पाह्य, कसं झ्याक उतरलं!"

तेव्हापासून सोयरिकीच्या जोडीला हा एक नवा विषय मामाला मिळाला. तामसीच्या बसस्टॉपवर उभा राहून तो बिनगोळीचं ब्लडप्रेशर या विषयावर तास तास बोलायचा. दोघातिघांनी त्याचं ऐकून गोळ्या बंदही केल्या. पुढं त्या कशा काय पुन्हा सुरू झाल्या, हे मला फार उशिरा कळलं.

मामा या वर्षांत जरा निवळलाही होता. पूर्वी बोलता बोलता चिडायचा, आता नुसतं बोलायचा. नाक मात्र कायम चोंदलेलं. मळ्यातल्या गारव्यानं होतं, असं तो म्हणायचा. माझी आई रेणुकाबाई, म्हणजे मामाची थोरली बहीण, हिला ही गोष्ट खटकली. तापट भाऊ एकाएकी थंड झाला, हे काही सरळ नाही. आमच्या भागात नवरा बायकोपुढे मऊ झाला की बायांची एकच शंका असते. आई एकदा म्हणालीच, "तिनं माह्या भावाले कायतरी मुळी चारली." नवऱ्याला मुळी चारणं म्हणजे त्याला मुठीत ठेवण्यासाठी जंगलातलं काहीबाही खाऊ घालणं. असं ज्या बाईबद्दल बोललं जातं तिला पंगतीत शेजारी कोणी बसवून घेत नाही. मी आईला झापलं. शिकलेला माणूस असल्यामुळे असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत अमृतरावांच्या मुलीच्या लग्नाची बैठक होती. अमृतराव आमचे गाववाले, कापसाचे शेतकरी, गरीब स्वभावाचे. मुलाकडच्यांनी मोटारसायकल मागितली. सगळ्यांनी मामाकडे पाहिलं. मामानं चहाचा कप उचलला, तोंड उघडलं आणि शब्दच निघेना. उजव्या हातातला कप कलंडला, चहा धोतरावर सांडला, आणि मामा नुसता समोर पाहत राहिला. मुलाकडच्यांना वाटलं, केशवराव गप्प बसले म्हणजे फारच मोठा अपमान झाला. दहा मिनिटं बैठकीत कोणी श्वास घेतला नाही. शेवटी मुलाच्या बापानं स्वतःहून मोटारसायकल मागे घेतली. तेवढ्यात मामाची वाचा परत आली.

"पाह्यलं? कधी कधी न बोलूनबी काम होते," तो परतताना मला म्हणाला.

मी हसलो. दारात उभ्या असलेल्या मामीला सांगितलं तर ती हसली नाही. तिनं धोतराकडे पाहिलं आणि विचारलं, "चहा सांडला तवा यायनं पुसला का?" नव्हता पुसला, उजवा हात तसाच लोंबत होता. पुन्हा पंधरा दिवसांत दोनदा तसंच झालं, एकदा मळ्यात आणि एकदा जेवताना. तिसऱ्या वेळेस मामीनं माझ्या शाळेत निरोप धाडला की रजा काढ, यायले हैदराबादले न्याचं हाय. मामीनं स्वतःहून ठरवलेली ही मला माहीत असलेली पहिली गोष्ट.

एरवी मामाची मुलगी आशा आली असती, पण ती किनवटला सासरी, दिवस भरत आलेले. म्हणून आम्ही तिघंच निघालो. आदिलाबादच्या डेपोतून सकाळी बस धरली. मामा वाटेतल्या निर्मळ गावापर्यंत बोलला, मग झोपला. मामीच्या मांडीवर पिशवी आणि पिशवीत तो पितळी डबा.

हैदराबादच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या. मानेच्या डाव्या बाजूनं मेंदूकडे जाणारी रक्ताची नळी आतून चरबीनं बुजत आली होती. मोहरी जाईल एवढीच वाट उरली होती. वाचा जायची ती तिथूनच. नळी उघडून साफ करायची, नाहीतर एक दिवस गेलेली वाचा परत यायची नाही, असं सर्जननी सांगितलं. मामीनं त्यातलं 'वाचा' एवढंच ऐकलं असावं. तिचा हात पिशवीवर घट्ट झाला.

संध्याकाळी भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या. पन्नाशीच्या पुढच्या, पिकलेल्या केसांच्या, तेलुगू माणूस, पण हैदराबादी हिंदी बोलायच्या. त्यांनी समजावलं की मामाला पूर्ण भूल द्यायची नाही. फक्त मान बधिर करायची. मामानं जागं राहायचं, उजव्या हातात दाबला की वाजणारा रबरी पोपट धरायचा, सांगितलं की तो दाबायचा, आणि मुख्य म्हणजे सारखं बोलत राहायचं. बोलणं नीट आहे तोवर मेंदूला रक्त नीट आहे.

मामाचा चेहरा असा फुलला की मला लाज वाटली. "असं ऑपरेशन असते हे मले आजवर कोनी सांगतलंच नाही," तो म्हणाला.

डॉक्टरबाईंनी पुढचंही सांगितलं. काम चालू असताना ती नळी काही वेळ चिमट्यानं बंद करावी लागते. तेवढा वेळ डाव्या मेंदूला दुसऱ्या बाजूनं फिरून येणाऱ्या रक्तावर भागवावं लागतं. म्हणून प्रेशर पडू द्यायचं नाही, उलट थोडं चढंच ठेवायचं. मी हे मराठीत सांगायच्या आत मामा म्हणाला, "समजलं. मोठा पाट बंद केला तं लहान नळीनं वाफ्याले पानी द्या लागते. म्हून मोटर जोरात पायजे." डॉक्टरबाईंना मी ते हिंदीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि कागद काढला.

"कौनसी भी दवा चालू है? गोली, आयुर्वेदिक, जडीबूटी? सब बोलना."

मामानं छाती फुगवून सांगितलं की चार वर्षांत गोळीला शिवलेला नाही. मी ते आणखी फुगवून हिंदीत सांगितलं. बाईंनी प्रेशर मोजलं. एकशे तीस. त्यांनी भुवई उंचावली, "बिना दवा के?" असं स्वतःशीच म्हणाल्या आणि मामीकडे पाहिलं. मामी खाली पाहत होती. मला वाटलं घाबरली असेल. बाई गेल्या. मामीनं पिशवीतून डबा काढला, मामाला एक लाडू दिला, मग पाणी दिलं. रात्री नऊनंतर काही खायचं नव्हतं.

सकाळी आठला मामाला आत नेलं. स्ट्रेचरवरही तो वॉर्डबॉयला त्याचं आडनाव विचारत होता. आत काय झालं ते मला नंतर डॉक्टरबाईंकडून आणि थोडं मामाकडून कळलं. मान बधिर झाली, कापड टाकलं, आणि मामानं अमृतरावांच्या घराण्यापासून सुरुवात केली. बाईंना मराठी येत नव्हतं, पण सूर कळत होता. अधूनमधून पोपट वाजत होता. तासाभरात सर्जन नळीच्या फाट्यापाशी पोचले. तिथं हात लागला की काही जणांची नाडी एकदम मंद होते आणि प्रेशर पडतं, हे त्यांना नवीन नव्हतं. त्यांनी हात थांबवला, त्या जागी बधिर करायचं औषध सोडलं. नाडी सुधारली. प्रेशर मात्र खालीच राहिलं. ऐंशी. बाईंनी सलाईन जोरात सोडलं, प्रेशर चढवायचं नेहमीचं इंजेक्शन दिलं. दोन मिनिटांत चढायला हवं होतं. पुन्हा दिलं. तिसऱ्यांदा दिलं. आकडा हलेना. मामाचं बोलणं जड झालं, मग एकेक शब्दावर आलं. बाईंनी पोपट दाबायला सांगितला. पोपट वाजला नाही. अशात नळी बंद करणं शक्य नव्हतं आणि मान उघडी ठेवून थांबणंही शक्य नव्हतं.

आम्ही बाहेर बाकावर होतो. दार उघडलं आणि हिरव्या टोपीतला एक तरुण डॉक्टर जवळजवळ धावतच आला.

"केशवराव के लोग? कौनसी दवा लेते सच बोलो. तीन बार इंजेक्शन दिए, प्रेशर उठता नै."

"कोई दवा नहीं लेते," मी माझ्या वर्गातल्या आवाजात म्हणालो. "कल ही बताया था."

मामी उभी राहिली. बाजारात बसून तिला हिंदी पुरेसं कळत होतं.

"लक्ष्मण, खोटं नको सांगू," ती म्हणाली. "म्या देल्लं हाय त्यायले. चार वर्सापासून. लाडवातून."

 तिनं पिशवीतून डबा काढून माझ्या हातात दिला.

"उटनूरच्या बाजारात एक म्हातारा मुळ्या इकते. त्याच्यापासून आनतो म्या. येड्याची मुळी म्हनतेत तिले. येड्या मानसाले देल्ली का तो शांत झोपते. रगताचा जोरबी उतरवते. कडू असते म्हून मेथीत घातली. काल राती बी देल्ली." तिनं दाराकडे बोट केलं. "तुह्या मायले सांग का नको सांगू, तुही मर्जी. पन आधी त्या डॉक्टरले सांग."

माझ्या आईचा संशय खरा होता, हे कळायला मला एक क्षण लागला, आणि त्या क्षणाची मला अजून लाज वाटते. आत मामा मरत होता आणि मी बाकावर उभा राहून नवऱ्याला मुळी चारणारी बाई म्हणून मामीकडे पाहत होतो. मग भानावर येऊन मी सांगितलं, "जडी है. पागल लोगों को देते, वो. लड्डू में. चार साल से." तरुण डॉक्टरनं डब्यातला एक लाडू उचलला आणि आत पळाला. दारातल्या सिस्टरनं त्याला अडवलं, बाहेरचं खाणं आत चालत नाही म्हणून. त्यानं लाडू तिच्याच हातात कोंबला आणि आत जाऊन ओरडून सांगितलं.

डॉक्टरबाईंना मुळीचं नाव विचारावं लागलं नाही, ती सर्पगंधा हे त्यांनी लगेच ओळखलं. त्या शिकत होत्या त्या काळी ब्लडप्रेशरच्या निम्म्या रोग्यांना याच सर्पगंधेच्या गोळ्या दिल्या जायच्या. त्यांनी इंजेक्शन बाजूला ठेवलं. नंतर त्यांनी मला मामाच्याच मोटरीच्या भाषेत समजावलं. नेहमीचं इंजेक्शन म्हणजे नुसतं बटण. ते दाबलं की शरीर स्वतःजवळचा साठा बाहेर काढून प्रेशर चढवतं. ही मुळी चार वर्षं तो साठा उपसत होती. विहीर आटलेली असताना बटण कितीदा दाबणार? आता पाणी बाहेरून ओतायला हवं होतं, म्हणजे दुसरं औषध, थेट रक्तनळ्यांवर चालणारं. आणि तेही थेंबाथेंबानं, नेहमीच्या अर्ध्याहून कमी, कारण अशा उपाशी शरीराला ते फार जोरात लागतं. मुळीचं माहीत नसताना नेहमीच्या मापानं दिलं असतं तर प्रेशर उलट छपराला गेलं असतं.

हे सगळं नंतरचं. त्या वेळी दार बंद झालं आणि आम्हाला काहीच कळेना. मामी बाकाच्या टोकाला बसली आणि न विचारता बोलायला लागली. वांग्याच्या वाफ्यात निंदताना तिला पांढऱ्या गोळ्या सापडल्या होत्या, एकदा चार, एकदा सात. मामा रोज सकाळी मळ्यात जाऊन गोळी फेकत होता. त्याला बोलावं तर एकाला दहा ऐकावे लागणार आणि गोळी तो घेणार नाहीच. म्हणून तिनं भाजीच्या गाडीवरून उटनूर गाठलं. म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, हरभऱ्याएवढी, जास्त नाही. तिनं प्रत्येक लाडवात हरभऱ्याएवढीच घातली, कधी चूक केली नाही. मामाचं ऐकून ज्यांनी गोळ्या बंद केल्या त्यांच्या घरी जाऊन त्यांच्या बायकांना हीच सांगून यायची की ह्यांचं काही ऐकू नका, गोळी चालू ठेवा.

"मंग काल डॉक्टरबाईनं पुसलं तवा काऊन नाही बोलली?" मी विचारलं. आवाजात अजून मास्तर होताच.

"तू होता ना तिथं," मामी म्हणाली. "रेणुकाबाईचा पोरगा."

मी हातातल्या डब्याचं झाकण लावलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, "त्यायचं बोलनं गेलं तं म्या घालवलं."  दोन तास ती तेच एक वाक्य मधून मधून म्हणत होती.

दीड वाजता डॉक्टरबाई बाहेर आल्या. प्रेशर चढलं होतं, नळी साफ झाली होती. चिमटा लावलेला असताना पोपट वाजत होता. शेवटी टाके घालताना थोडं झोपेचं औषध दिलं होतं, आता जाग येत होती. बोलणं तपासायचं होतं. त्यांनी आम्हा दोघांना आत बोलावलं.

मामा मानेला पट्टी बांधून पडला होता. बाईंनी हात दाबायला सांगितला, दाबला. जीभ काढायला सांगितली, काढली. सरळ होती. मग त्यांनी मामीकडे बोट दाखवलं. "ये कौन है? इनका नाम बोलो."

मामानं मामीकडे पाहिलं. ओठ हलले नाहीत.

"नाम बोलो, केशवराव. इनका नाम."

मामा पाहत राहिला. बाईंनी कपाळाला आठी घातली.  आणि मामी, जिनं बत्तीस वर्षांत चार हूंच्या वर उत्तर दिलं नव्हतं, ती खाटेची कड धरून बोलायला लागली.

"तुमी गोळ्या वांग्यात फेकत होते. म्या पाह्यल्या. म्हून म्या मुळी चारली तुमाले, लाडवात घालून. लोकं म्हनतीन नवऱ्याले मुळी चारली. म्हनू द्या. तुमचं बोलनं राहावं म्हून चारली अन् माह्याच हातानं ते गेलं. मळ्यात तुमचा आवाज आला नाही तं माहा हात चालत नाही. घर खायाले उठते. बोला ना काही. शिव्या द्या मले. पन बोला."

 मामानं मान हलवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. डोळे माझ्याकडे वळवले.

"लक्ष्मण, या बाईले सांग," तो म्हणाला. आवाज घोगरा, पण शब्द एकेक स्वच्छ. "बायकोचं नाव चारचौघांत पुसते का कोनी? भाचा समोर उभा. काही रीतभात हाय का नाही?"

मी ते हिंदीत सांगितलं. डॉक्टरबाई आधी माझ्याकडे पाहत राहिल्या, मग बोलणं नीट असल्याचं कागदावर लिहून त्यांनी गळ्यातला मास्क तोंडावर ओढला. मास्कच्या आड त्या हसत असाव्यात, खांदे हलत होते. मग त्यांनी मामीला दटावलंही. मुळीचा हरभरा कधी अर्ध्या ताकदीचा असतो कधी दुपटीचा, एखाद्या दिवशी जीव गेला असता. दटावून झाल्यावर क्षणभर थांबून म्हणाल्या की एवढं प्रेशर चार वर्षं तसंच मोकळं सोडलं असतं तर माणूस इथवर आला असता का, सांगता येत नाही. त्यांनी नव्या गोळ्यांची चिठ्ठी लिहिली आणि ती मामाला न देता मामीच्या हातात दिली.

मामी डोळे पुसत होती. मामा छताकडे पाहत होता.

"चार वर्सं?" तो म्हणाला.

"हूं."

"म्हंजे ते टेन्शन सोडल्यानं नाही उतरलं?"

मामीनं चिठ्ठीची घडी घातली.

"अन् गुडघे?"

"गुडघे मेथीनं बरे झाले असतीन."

मामाचे डोळे मामीच्या हातातल्या चिठ्ठीवर गेले. "मंग आता हे गोळीबी लाडवातच टाकत जाय," तो म्हणाला. "मले नको सांगू."

"नाही," मामी म्हणाली. "आता लपवून काही नाही. हातावर ठेवीन अन् तुमी गिळेपर्यंत समोर उभी राहीन."

मामाला आता बोलता येत होतं. तरी तो काही बोलला नाही.